सेफ्टीत पगार किती?

सुपे,
रविवार, ८ जून २०२५

पप्पांना आराधनाचा सलाम.

तुमचं पोस्टकार्ड परवा मिळालं. दोन वर्षं तीन महिन्यांनी तुमचं अक्षर पाहिलं. घरमालकीण लंकाबाई कार्ड देताना दबक्या आवाजात म्हणाल्या, "कोन वारलं का गं?" हल्ली कार्ड आलं की लोकांना तेवढंच सुचतं. मी म्हटलं, नाही, माझे वडील शिक्षक होते, ते अजून कार्डच लिहितात.

चारच ओळी आहेत. "छगन शेलार यांची निकिता बारावी सायन्स झाली. तिला कारखान्यातल्या सेफ्टीचा कोर्स करायचा आहे. पगार किती, नोकऱ्या मिळतात का, पुढे वाव आहे का, मुलीला झेपतं का, सविस्तर कळवावे. हे छगनसाठी विचारतो आहे." शेवटच्या वाक्याखाली तुम्ही रेघ मारली आहे. मारली नसती तरी मला कळलं असतं.

छगनकाका तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. तुम्ही हो म्हणालात तर दुसऱ्या दिवशी फी भरायला निघतील, नको म्हणालात तर पोरीला टीवायच्या आत उजवून टाकतील. म्हणून नीट लिहिते.

कोर्स दोन प्रकारचे. एक खासगी संस्थेचा, सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा, तो बारावीवर होतो. तो केला की मुलगी सेफ्टी सुपरवायझर होते, बहुतेक वेळा ठेकेदाराच्या हजेरीपटावर. आमच्या एमआयडीसीत सुरुवातीला चौदा-पंधरा हजार हातात पडतात. दुसरा कोर्स सरकारमान्य पदविकेचा. त्याला आधी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा सायन्सची डिग्री लागते, वर कामाचा अनुभव. तो झाला की सेफ्टी ऑफिसर होता येतं आणि पगार पस्तीस-चाळीसच्या पुढे सरकतो. हजारावर कामगार असले की असा ऑफिसर कायद्यानेच ठेवावा लागतो. त्याखाली मालकाची मर्जी, आणि आपल्याकडचे बहुतेक कारखाने त्याखालीच आहेत.

मी पहिल्या प्रकारातली. सोळा हजारांवर लागले, आता साडेएकोणीस आहेत, सहा वर्षांत. बी.एड. केलं असतंस तर, असं तुम्ही मनात म्हणालात ते मला इथवर ऐकू आलं. पण तुमच्या शाळेत शेवटची शिक्षकभरती कधी झाली होती ते आधी सांगा. पुढच्या वर्षी कंपनी मला पदविकेला पाठवणार आहे असं आमचे प्लांट मॅनेजर ओंकार सर म्हणतात. बी.एस्सी. आहे, अनुभव आहे. बघू.

आखाताचे आकडे ऐकून निकिताचे डोळे फिरतील. माझ्याबरोबर शिकलेला एक जण कतारला आहे, महिना सव्वा लाख सांगतो. खरं किती ते त्यालाच ठाऊक, पण श्रीरामपूरला त्याने प्लॉट घेतला हे मात्र खरं आहे.

मुलीला झेपतं का? झेपतं. फक्त सेफ्टीचे बूट पाच नंबरात सहजी मिळत नाहीत. मी पहिलं वर्ष सात नंबरात कापूस कोंबून काढलं, मग पुण्याहून मागवून घेतले. सेफ्टीवाली बाईच अडखळून पडली तर रजिस्टरला कारण काय लिहायचं, या धास्तीने जपून चालायचे. कामगार सुरुवातीला हसतात. "शेप्टी म्याडम आल्या, टोप्या घाला रे," म्हणतात आणि पाठ फिरली की काढतात.

रोजचं काम असं: सकाळी पाच मिनिटं कामगारांना त्या दिवसाचे धोके सांगायचे, मशीनची झाकणं-जाळ्या जागेवर आहेत का बघायचं, आणि उरलेला दिवस कागद. कागद पूर्ण असले की सेफ्टीचं निम्मं काम झालं.

आणि माझा भाऊ? जस्टिनचा हात आता कसा आहे? थंडीत तुटलेल्या बोटांच्या जागी ठणका लागायचा, तो कमी झाला असेल. १४ जुलैला कामगार न्यायालयात त्याची तारीख आहे हे मला माहीत आहे. कंपनीने मला साक्षीदार केलं आहे, कंपनीच्या बाजूने. त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मी लिहीत नाही.

आराधना

सुपे,
रविवार, २२ जून २०२५

पप्पांना सलाम.

माझंच पत्र परत आलं. आधी हसले, मग तशीच पायरीवर बसून रडले. नगरच्या बोर्डिंगातून मी आणि जस्टिन पत्रं पाठवायचो, ती तुम्ही लाल शाईने तपासून परत धाडायचात. बाकीच्या मुलींना घरून शेंगदाण्याचे लाडू यायचे, मला माझंच पत्र, ऱ्हस्व-दीर्घ सुधारून. मम्मी तुम्हाला म्हणायची, "अहो, लेकराचं पत्र हाय ते, पेपर न्हाई." मम्मी असती तर ही दोन वर्षं अशी गेली नसती.

या वेळी तुम्ही ऱ्हस्व-दीर्घाला हात लावलेला नाही. एकाच वाक्याखाली रेघ आहे, "कागद पूर्ण असले की सेफ्टीचं निम्मं काम झालं," आणि समासात लिहिलंय, "स्पष्ट करा."

स्पष्ट करते. आम्ही ज्यांना माल देतो त्या मोठ्या कंपनीची माणसं वर्षातून एकदा पुण्याहून तपासणीला येतात. ती मशीनपाशी दहा मिनिटं थांबतात आणि फायलींपाशी चार तास. कुणाला काय शिकवलं, किती तारखेला, किती वेळ, खाली शिकणाऱ्याची सही. फायलीत सही आहे म्हणजे माणूस शिकलेला आहे. सही नाही म्हणजे आमची ऑर्डर गेली.

२०२३च्या फेब्रुवारीत असाच एक कागद तयार झाला. तारीख १३. पत्रा दाबून कापणारा पॉवर प्रेस कसा सुरक्षित चालवायचा याचं एक तासाचं प्रशिक्षण, चौदा हेल्पर, चौदा सह्या. त्या कागदावर जस्टिनची सही होती. १६ तारखेला तपासणी झाली, पुण्याच्या माणसांनी फायलीचं कौतुक केलं.

२४ तारखेला, शुक्रवारी, प्रेसचा ऑपरेटर घोडेगावच्या बाजाराला म्हैस बघायला गेला आणि आलाच नाही. शिफ्टचे सुपरवायझर आसाराम यांनी माझ्या फायलीतला तो कागद काढला आणि हजर असलेल्यांत प्रेस शिकलेलं कोण आहे ते नावावरून पाहिलं. जस्टिन त्या दिवशी पॅकिंगला होता. त्याला प्रेसवर उभं केलं.

तो प्रेस दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच खाली येतो. हात दोन्ही बटणांवर असले म्हणजे आत नसतात, इतकी साधी गोष्ट आहे. पण काम उरकावं म्हणून कुणीतरी एक बटण लाकडाची पाचर मारून कायमचं दाबून ठेवलं होतं. मी त्याबद्दल दोनदा लेखी दिलं होतं. शिकलेल्या माणसाला ती पाचर दिसताच कळतं की हे मशीन चालवायचं नाही. जस्टिनला वाटलं, ते असंच असतं. अडकलेला तुकडा काढायला त्याने उजवा हात आत घातला आणि डावा कोपर उरलेल्या बटणाला लागला. पुढचं तुम्ही दवाखान्यात पाहिलं आहे. अंगठा आणि करंगळी राहिली.

मी धावत गेले तेव्हा आसाराम तो कागद हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "म्याडम, तुमच्याच कागदावर नाव हाय त्याचं. म्या बघूनच लावला."

चौथ्या दिवशी कारखाना निरीक्षक दवाखान्यात आले. त्यांनी जस्टिनला तोच कागद दाखवून विचारलं, ही सही तुमची का? तुम्ही खाटेच्या त्या बाजूला होतात, मी या बाजूला. जस्टिनने कागद पाहिला आणि म्हणाला, "व्हय. माझीच हाय." तिथून सगळं ठरलं. कंपनी म्हणते, आम्ही शिकवलं होतं, याने मुद्दाम नियम मोडला. ठेकेदाराने त्याचं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, भरलेच नव्हते, त्यामुळे तिकडूनही दार बंद.

आपल्या बेलापूर गावात काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. मोबाईल बघत आसंल, पिऊन गेला आसंल, शिकवूनबी हात घातला म्हंजे काय. शुगर फॅक्टरीच्या गोदामात त्याला घेणार होते, तिथेही कुणीतरी म्हणालं, निष्काळजी माणूस नको. तो प्यायलेला नव्हता, पप्पा. त्याने उभ्या जन्मात कधी दारू घेतलेली नाही.

निकिताला सांगा, ठेकेदाराकडे लागताना पगाराआधी ईएसआय भरतो का ते विचारायचं.

आराधना

सुपे,
बुधवार, २ जुलै २०२५

पप्पा,

पत्र परत मिळालं. "त्या कागदावर जस्टिनची सही होती" याखाली रेघ आणि समासात "नीट बघ." मागच्या वेळी "करा" होतं, आता "बघ" आहे. म्हणजे मला पुन्हा घरातली धरलीत. त्यानेच जास्त लागलं.

आज कामावर गेले नाही. ताप आहे असं कळवलं, तेही खोटंच.

तुम्ही आम्हा दोघांना एकाच पाटीवर गिरवायला बसवलंत. साठ पोरांच्या वर्गात नाव न घातलेला पेपर कुणाचा ते तुम्ही अक्षरावरून सांगायचात. चर्चच्या फळ्यावर दर रविवारी जस्टिन वचन लिहायचा तेव्हा पाळकसाहेबांनाही तुम्ही अभिमानाने दाखवायचात, "हे बघा, वेलांटी कशी उतरलीय." अशा माणसाला फसवता येईल असं मला वाटलंच कसं? तुम्हाला दवाखान्यात खाटेपाशीच कळलं होतं. तुम्ही तो कागद निरीक्षकांच्या हातातून घेतलात, चष्मा काढलात, परत दिलात, आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीत. मी दोन वर्षं स्वतःला सांगत राहिले की जस्टिनला कारखान्यात मी चिकटवलं म्हणून तुम्ही रागावला आहात.

ती सही मी केली.

कशी केली ते लिहिते. मला तुमच्यापुढे कारणं द्यायची नाहीत, पण घडलेलं पूर्ण लिहायला हवं. १३ फेब्रुवारीला मी खरंच शिकवलं होतं, तासभर नाही, चाळीस मिनिटं. अकरा जण आले. तिघे नव्हते. दोघांना मी दुपारी गाठलं, मशीनपाशी नेलं, पाचर दाखवली, असं दिसलं तर हात लावू नका म्हणाले आणि मग सह्या घेतल्या. त्यांतला एक तर जेवत होता, त्याचा डबा संपेपर्यंत मी दारात उभी होते. उरला जस्टिन. तो सकाळीच टेम्पोबरोबर चाकणला माल पोचवायला गेला होता. ओंकार सरांना पाच वाजता फाइल हवी होती.

परक्यांच्या सहीसाठी मी दारात उभी राहिले. घरच्याची मीच मारली. घरचाच आहे, त्याला काय विचारायचं, असं वाटलं. त्याची सही मला डोळे मिटून येते, लहानपणी प्रगतीपुस्तकावर आम्ही एकमेकांच्या सह्या करून बघायचो. दोन सेकंद लागले.

तेव्हा तो माझ्याच खोलीवर राहायचा. त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "जस्ट्या, तुझी सही मी करून टाकलीय. उद्या दहा मिनिटं ये, प्रेस समजावते." भाकरी मोडता मोडता म्हणाला, "बरं, शेप्टी म्याडम." दुसऱ्या दिवशी तपासणीची तयारी होती. तिसऱ्या दिवशीही तीच. मग तपासणी. मग कौतुक, आणि त्याच आठवड्यात पगारवाढीचं पत्र, सोळाचे साडेसतरा. ती दहा मिनिटं अकरा दिवसांत निघाली नाहीत, पप्पा. खोलीत आम्ही रोज समोरासमोर बसून जेवत होतो.

मी पगाराचा आकडा पहिल्या पत्रात लिहिला तेव्हा हे सांगितलं नव्हतं. आता निकिताला तो आकडा कसा वाढला तेही सांगा.

निरीक्षक गेल्यावर तुम्ही औषधं आणायला खाली गेलात. मी जस्टिनला म्हटलं, खरं सांगून टाकू. तो म्हणाला, "ताई, तुजी नोकरी तरी ऱ्हाऊ दे. दोगंबी घरी बसलो तर पप्पांच्या पेन्शनीत भागंल का?" मी त्याच्याशी वाद घालायला हवा होता. नाही घातला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते त्याला माझ्या तोंडावर दिसलं असणार. एका लेकराला सोडवायला दुसऱ्याला धरून द्यायचं, असं तुमच्यावर आणलं मी. तुम्ही कुणालाच धरून दिलं नाहीत आणि वाट बघत राहिलात.

१४ तारखेला मी काय बोलायचं ते कंपनीच्या वकिलांनी मला कागदावर टाइप करून दिलं आहे. प्रशिक्षण झालं, सही माझ्यासमोर केली, इतकंच. ओंकार सर म्हणाले, "तारीख नीट पार पडू द्या, पदविकेची फी कंपनी भरेल, परत आलात की ऑफिसर." म्हणजे पस्तीस हजार. सेफ्टीत पुढे वाव आहे का, हेही तुम्ही छगनकाकांसाठी विचारलं होतंत. माझ्यापुढे आहे तो वाव हा.

खरं बोलले तर नोकरी जाईलच, आणि खोटा कागद केला म्हणून या धंद्यात मला पुन्हा कुणी उभं करणार नाही. जस्टिनचं नाव मात्र निघेल. नाही बोलले तर तो जन्मभर निष्काळजी. सगळं स्वच्छ दिसतंय, आणि तरी वकिलांचा तो कागद मी अजून फाडलेला नाही.

मी बोलेन असं वचन मी इथे लिहीत नाही. लिहिलं आणि तिथे तोंडच उघडलं नाही, तर तो माझा दुसरा खोटा कागद होईल.

मला तुमची मुलगी म्हणवून घ्यायचा हक्क राहिलेला नाही. सलाम घ्या.

आराधना

सुपे,
गुरुवार, १७ जुलै २०२५

प्रिय निकितास,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर गुरुजींमार्फत, म्हणजे माझ्या पप्पांमार्फत पाठवत होते. त्यांनी तुला किती सांगितलं ते माहीत नाही. आता थेट लिहिते. त्यांना लिहिलेल्या तिन्ही पत्रांतलं सगळं तुला सांगायला मी त्यांना कळवलं आहे. काही झाकू नका म्हणून.

सोमवारी नगरच्या कोर्टात आमची तारीख झाली. तू आली नव्हतीस, तुझे बाबा आले होते. पप्पा त्यांच्याबरोबर शेवटच्या बाकावर बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. माझं तिसरं पत्र परत आलेलं नव्हतं. बारा दिवस मी लंकाबाईंच्या दारातून पोस्टमनची वाट पाहिली. कोर्टातही पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "ही सही जस्टिन गायकवाड यांनी तुमच्यासमोर केली का?" मी म्हटलं, "नाही. ही सही मी केली. त्याला प्रेस कुणीही शिकवला नव्हता." मीच तर त्यांची साक्षीदार. वकील सावरून म्हणाले, भावासाठी आज खोटं बोलताय. मी म्हटलं, १३ फेब्रुवारीचं गेटचं रजिस्टर मागवा, टेम्पो सकाळी सात वाजता बाहेर गेला आणि रात्री नऊला आत आला, टेम्पोबरोबर कोण होतं त्याचं नाव वॉचमनने लिहिलेलं असेल. कोर्टाने ते रजिस्टर हजर करायला सांगितलं आहे. निकाल अजून लागायचा आहे. माझ्यावरही कारवाई होईल. व्हायला हवी.

मग जस्टिनला पुन्हा विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तो म्हणाला, "न्हाई साहेब. माझी न्हाई ती सही. ताईची नोकरी ऱ्हावी म्हनून तवा बोल्लो."

त्याचा जबाब लिहून झाल्यावर कारकुनाने नेहमीसारखं शाईचं पॅड पुढे सरकवलं. गेली दोन वर्षं जस्टिन सगळ्या कागदांवर डाव्या हाताचा अंगठा लावतो आहे. शिक्षकाचा मुलगा, चर्चचा फळा लिहिणारा. तेवढ्यात मागून पप्पा उठले. कोर्टात मोठ्याने बोलू नये हे त्यांना कळतं, पण वर्गातला आवाज लहान करता येत नाही त्यांना.

"साहेब, जरा थांबा. आज तो सही करेल."

त्यांनी खिशातलं निळं पेन काढून दिलं. जस्टिनने डाव्या हातात धरलं. मला कुणी सांगितलं नव्हतं गं, की दोन वर्षं हे दोघे सकाळी पाटी घेऊन बसतात. सही व्हायला बराच वेळ लागला. आसाराम कंपनीच्या बाजूला बसले होते, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. सही वाकडी आहे, दुसरीतल्या पोराच्या अक्षरासारखी. माझ्या त्या खोट्या सहीशी तिचं काहीच जुळत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सेफ्टीत पगार किती? आज माझा शून्य आहे. मंगळवारी वॉचमनने गेटवरच थांबवलं आणि माझा डबा, छत्री आणि पाच नंबरचे बूट पिशवीत घालून आणून दिले. ओंकार सरांचा फोन आला, या एमआयडीसीत तुम्हाला कुणी घेणार नाही म्हणाले. खरंच असेल ते. बुधवारी मात्र आसारामांचाही फोन आला. "म्याडम, प्रेसची पाचर काढली. काल मिस्त्री आल्ता, दोन्ही बटनं चालू झाली." मी दोनदा लेखी देऊन जे झालं नव्हतं ते झालं.

तू कोर्स कर असं मला वाटतं. आधी बी.एस्सी. पूर्ण कर आणि मग सरकारमान्य पदविका, माझ्यासारखं अर्ध्या वाटेचं शिक्षण घेऊन ठेकेदाराच्या हजेरीवर उभी राहू नकोस. नोकऱ्या आहेत आणि वाढतील. पगार सुरुवातीला कमीच असतो. तो लवकर वाढवायचा एक सोपा रस्ता आहे आणि तो मला तोंडपाठ आहे, त्या रस्त्याने तू जाऊ नकोस. आणि ओळखीचं कुणी तुझ्या हाताखाली आलं तर त्याला सगळ्यांत आधी शिकव, शेवटी नाही. आपण घरच्यांना शेवटी ठेवतो. बी.एस्सी.च्या फॉर्मची मुदत ३१ जुलैपर्यंत आहे. रविवारी मी बेलापूरला येते, उपासनेनंतर तुझ्या घरी येईन, बाबांना चहा टाकायला सांग.

येते म्हणून इतक्या सहज लिहितेय, त्याचं कारण सांगते. कोर्टातून आम्ही सगळे चालत स्टँडवर आलो. तुझे बाबा मध्ये एकदा म्हणाले, "पोरी, लई धाडस केलं." पप्पा फलाटाकडे बघत उभे होते. माझी सुप्यावरून जाणारी पुण्याची गाडी लागली तेव्हा त्यांनी खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "गाडीत बघ," इतकंच म्हणाले.

खिडकीपाशी बसले आणि उघडलं. माझं तिसरं पत्र होतं, कबुलीचं. पानं उलटत गेले. कुठेच लाल शाई नव्हती, "प्रगतिपुस्तक" मी चुकीचं लिहिलं होतं तेही तसंच सोडलं होतं. शेवटच्या पानावर फक्त एका वाक्यावर रेघ होती. खाली नाही, वरून, पूर्ण वाक्य खोडलेलं. मला तुमची मुलगी म्हणवून घ्यायचा हक्क राहिलेला नाही, ते. आणि समासात पप्पांच्या अक्षरात एक शब्द: "चूक."

तुझी,
आराधनाताई